कॅलेंडरवरचे ठिपके

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेल्या कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे मांडत असे. गवळी आला नाही त्या तारखेवर निळ्या पेनची फुली, जास्तीचे दूध घेतले तर कोपऱ्यात आकडा, नवे सिलिंडर लावले त्या तारखेभोवती गोल. १९९८ च्या फेब्रुवारीपासून त्याच चौकटींमध्ये तांबड्या पेनचे ठिपके उमटू लागले. एक ठिपका म्हणजे तिच्या अंगावर आलेला एक नवा फोड. काही चौकटींत दोन-तीन ठिपके आहेत, काहींत अकरा-बारा, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तर तारखेचा आकडासुद्धा ठिपक्यांखाली झाकला गेला आहे. असे मांडून ठेव, असे तिला कुणी सांगितले नव्हते. ती सातवीपर्यंत शिकलेली. पण हिशेब तोंडी ठेवलेला तिला कधी आवडला नाही. "डॉक्टर रोज विचारतात, नवीन आले का, किती आले. अंदाजानं कसं सांगायचं?" एवढेच तिचे म्हणणे होते.

ती कॅलेंडरे मी जपून ठेवली आहेत. पुण्यात मी एका शाळेत मराठी शिकवते, आणि गेल्या काही वर्षांपासून इथल्या एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीची सदस्यही आहे. माणसांवर औषधांची चाचणी घ्यायची झाली तर अशा समितीची परवानगी लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांच्यात वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्ती असावीच लागते. ती सामान्य व्यक्ती मी. रुग्णांना द्यायची मराठी माहितीपत्रके आणि संमतिपत्रे वाचणे हे माझे मुख्य काम. ती वाचताना आईचे ठिपके माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. तिच्या आजाराविषयी पुढे मी जे काही वाचत गेले, विचारत गेले, त्याचा पुष्कळसा भाग शेवटी एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबतो असे मला वाटू लागले आहे: काय मोजायचे, आणि काय मोजायचे राहून गेले.

आजाराचे नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस. ग्रीक भाषेत पेम्फिक्स म्हणजे फोड. पण आईच्या आजाराची सुरुवात फोडांनी झालीच नाही. १९९७ च्या गणपतीत तिच्या तोंडात गालाच्या आतून चट्टे पडले आणि तिखट आमटी तिला घशाखाली उतरेना. तोंड आलंय, उष्णता बाहेर पडतेय, असे म्हणून सब्जा, गुलकंद, तुरटीच्या गुळण्या, जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या असे सगळे झाले. दातांच्या डॉक्टरांनी दाढेची कड टोचते असे सांगून ती घासली, आणि तरी फरक पडेना म्हणून पुढे दाढच काढली. त्या दाढेची जागा भरून यायलाही फार दिवस लागले. चार-पाच महिने ती पातळ पेज आणि दूधभात यांच्यावर राहिली, आणि आमच्यापैकी कुणालाही ही काही गंभीर गोष्ट आहे असे वाटले नाही. संक्रांतीनंतर पाठीवर आणि छातीवर पाण्याने भरलेले, लिबलिबीत, हात लागताच फुटणारे फोड आले. शेजारपाजारच्यांनी त्याला नागीण म्हटले, कुणी कांजिण्या म्हटले, आणि एका नातेवाइकांनी देवीला कबूल केलेले काही राहिले आहे का, याची चौकशी केली.

साताऱ्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी तिला पाहिले तो प्रसंग मला लख्ख आठवतो. त्यांनी फोडाला हात लावला नाही. फोडाशेजारच्या, दिसायला अगदी चांगल्या असलेल्या कातडीवर त्यांनी अंगठा टेकवला आणि किंचित दाबून पुढे सरकवला. उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तशी वरची कातडी अंगठ्याबरोबर सरकली आणि खाली ओला, लालसर भाग उघडा पडला. आई ओरडली नाही, पण तिने माझे मनगट घट्ट धरले. डॉक्टरांचा चेहरा त्या क्षणी बदलला. ही खूण निकोल्स्की या रशियन त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदली गेली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. यंत्र नाही, रसायन नाही, फक्त एक अंगठा. आणि अजूनही वॉर्डात नव्या विद्यार्थ्याला आधी तीच शिकवतात.

त्या अंगठ्याखाली काय घडले होते ते सांगते, कारण ते समजल्यावर तोंडापासून सुरू झालेल्या त्या चार-पाच महिन्यांचा अर्थ मला लागला. आपल्या कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना जागोजागी टाचलेल्या असतात, गोधडीचे थर टाक्यांनी धरून ठेवावेत तशा. त्या टाक्यांचा दोरा म्हणजे डेस्मोग्लेइन नावाची प्रथिने. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था त्या दोऱ्यालाच परका समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते. टाके उसवतात, पेशी एकमेकींपासून सुटतात, मधल्या पोकळीत पाणी साचते आणि फोड येतो. सर्वांत खालच्या रांगेतल्या पेशी तेवढ्या आपल्या पायाला चिकटून उभ्या राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती रांग कबरस्तानातल्या दगडांसारखी दिसते असे डॉक्टर म्हणतात.

हे उलगडायला किती माणसांची किती वर्षे गेली! १९५३ मध्ये वॉल्टर लेव्हर यांनी दाखवून दिले की, पेम्फिगस म्हणून एकाच पोतडीत टाकलेले आजार मुळात दोन आहेत. एकात पेशी एकमेकींपासून सुटतात. दुसऱ्यात, म्हणजे बहुतेककरून म्हाताऱ्या माणसांना होणाऱ्या बुलस पेम्फिगॉइडमध्ये, वरचा अख्खा थरच खालच्या थरापासून उचलला जातो, म्हणून त्याचे फोड टणक असतात आणि सहज फुटत नाहीत. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो इथे ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तद्रवातली ती प्रतिपिंडे प्रथम दाखवली. १९८२ मध्ये अनहाल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचली, तर उंदरांच्या अंगावर तसेच फोड आले. म्हणजे प्रतिपिंडे ही आजाराची नुसती सोबतीण नसून तीच कारण आहेत हे पक्के झाले. १९९१ मध्ये मासायुकी अमागाई आणि जॉन स्टॅन्ली यांनी तो दोरा कुठला हे शोधून काढले, आणि त्यातूनच तोंडाचे कोडेही पुढे सुटले. तोंडाच्या आतले अस्तर मुख्यतः डेस्मोग्लेइन ३ च्या भरवशावर असते, तर कातडीत ३ आणि १ असे दोन्ही दोरे असतात. आधी फक्त ३ वर हल्ला होतो तेव्हा कातडीला १ सांभाळून घेतो, पण तोंडाला सांभाळणारे कुणी नसते. पुढे १ वरही हल्ला सुरू झाला की कातडी उसवते. निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये आजार असा तोंडातूनच सुरू होतो. आईच्या गालातले ते चट्टे उष्णतेचे नव्हते आणि दाढेच्या कडेचेही नव्हते. कुणीतरी वेळीच तिथला इवलासा तुकडा तपासायला पाठवला असता तर तिची दाढ वाचली असती आणि ते महिनेही वाचले असते. तोंडातले चट्टे तीन आठवड्यांत भरले नाहीत तर गुळण्या थांबवून तज्ज्ञ गाठावा, हे मी आता भेटेल त्याला सांगत असते.

साताऱ्यात तिला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, वजनाच्या हिशेबाने भरपूर. स्टेरॉइड येण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आत दगावत असत. उघड्या पडलेल्या अंगातून पाणी आणि प्रथिने झिरपून जात आणि जंतू आत शिरत. १९५० नंतर त्या गोळ्यांनी माणसे वाचू लागली, हे विसरून स्टेरॉइडला शिव्या देणे मला कृतघ्नपणाचे वाटते. पण आईचे फोड त्या गोळ्यांनी कमी होत आणि डोस उतरवला की परत येत. ठिपके ओसरत, पुन्हा दाटत. असे काही महिने गेल्यावर तिला मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात पाठवण्यात आले.

त्या वॉर्डात पहिल्या दिवशी मला आश्चर्य वाटले ते कॉटवर अंथरलेल्या केळीच्या पानांचे. चादर ओल्या जखमेला चिकटते आणि कूस बदलताना सोबत कातडी घेऊन जाते. केळीचे पान चिकटत नाही, गार राहते, आणि रोज बदलता येते. सकाळी वॉर्डातले मामा पानांची मोळी खांद्यावर घेऊन येत, मावशी ती धुऊन, मधला जाड दांडा काढून, कॉटभर अंथरत. पानाची गुळगुळीत बाजू वर हवी, उलटी पडली तर रुग्णाला टोचते, हे मी तिथे शिकले. पंगतीच्या पानावर झोपल्यासारखे वाटते, असे आई पहिल्या दिवशी म्हणाली आणि त्या महिन्यांत पहिल्यांदा थोडी हसली. मला ती गरिबाघरची युक्ती वाटली होती. पुढे वाचनात आले की मुंबईच्याच शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर केळीच्या पानाचे ड्रेसिंग रीतसर तपासले आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये भाजण्याच्या जखमांना वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. जी गोष्ट मावशी रोज करत होत्या तिची कुणीतरी इतर ड्रेसिंगशी तुलना करून नोंद घेतली, याचा मला फार आनंद झाला होता. संशोधन म्हटल्यावर नेहमी महागडे रेणूच असावेत असे नाही.

त्या वॉर्डात आईला पल्स सुरू झाला. रुग्णांच्या भाषेत तीन दिवसांची सलाईन. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली आणि १९८४ मध्ये ती प्रसिद्ध केली. सलग तीन दिवस १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सलाईनमधून सावकाश, दुसऱ्या दिवशी त्याच्या जोडीला ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, म्हणजे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला दाबणारे औषध, आणि हे दर २८ दिवसांनी. मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची ५० मिलिग्रॅमची रोज एक गोळी. फोड पूर्ण गेल्यानंतरही पल्स थांबवायचा नाही. आणखी काही पल्स द्यायचे (पुढे ही संख्या नऊ अशी रूढ झाली), मग काही महिने नुसती गोळी, आणि त्यानंतर सगळे बंद करून पाहत राहायचे. रोज स्टेरॉइड देण्याऐवजी महिन्यातून एकदा मोठा मारा करावा आणि रोजच्या गोळ्यांचे दुष्परिणाम टाळावेत, हा त्यामागचा विचार होता. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत हजारो रुग्णांना तो मिळाला, कारण त्यातली औषधे स्वस्त होती आणि त्याला फारशी यंत्रसामग्री लागत नव्हती.

पल्सच्या त्या तीन रात्री आईला झोप येत नसे. चेहरा लाल होई, उचक्या लागत, आणि पहाटे तीन वाजता ती कॉटवर बसून शेजारणींना लोणच्याच्या पाककृती सांगत असे. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यायचे, तर पितळी तांब्या रिकामा झाला की तीही एक रेघ ओढून ठेवी. पलीकडच्या कॉटवर माझ्यापेक्षा लहान, लग्न होऊन वर्षही न झालेली मुलगी होती. सायक्लोफॉस्फामाइडने मूल होण्याची शक्यता संपू शकते म्हणून तिला त्याऐवजी अझाथायोप्रिन दिले जात होते. डॉक्टरीणबाईंनी हे तिला पडद्याआड नेऊन, तिच्या सासूला बाहेर थांबवून, शांतपणे समजावले होते. असे समजावणे मी त्यानंतर क्वचितच पाहिले.

आईच्या ठिपक्यांचे पुढचे चित्र असे आहे. पहिल्या पल्सनंतरच्या महिन्यात चौकटी अजून भरलेल्या. तिसऱ्यानंतर आठवड्याला चार-पाच. सहाव्यानंतरच्या अख्ख्या महिन्यात तीन. आणि मग पानेच्या पाने कोरी, नुसते दुधाचे खाडे. त्या कोऱ्या चौकटी पाहून आम्ही किती आनंदलो होतो हे शब्दांत सांगता येणार नाही.

पण त्याच कॅलेंडरवर एक गोष्ट कुठेच नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात पाण्याची कळशी उचलताना आईच्या पाठीत कळ आली आणि ती वाकली ती वाकलीच. एक्स-रेमध्ये कण्याचा मणका दबलेला निघाला. पल्सच्या आधीचे ते रोजच्या गोळ्यांचे महिने तिच्या हाडांतून वसूल झाले होते. कॅल्शियमची गोळी तिला कुणी दिली नव्हती आणि हाडांचा विषयही कुणी काढला नव्हता. तपासणीच्या कागदावर त्या महिन्याची नोंद आहे, "नवीन फोड नाहीत, प्रकृती उत्तम." त्या ओळीत खोटे काहीही नाही. डॉक्टरांनी फोड विचारले, आईने फोड सांगितले, आणि पाठीचा संबंध तिच्याही मनात आला नाही, कारण पाठीसाठी ठिपका नव्हता. आजाराने माणूस दगावत होता तेव्हा फोड मोजणे हेच सर्वस्व होते. माणूस जगू लागल्यावरही बराच काळ मोजमाप तेच राहिले.

हे मोजमाप ज्या अभ्यासांनी बदलले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. त्यातला पहिला आईच्या आजाराचा नाही, त्याच्या म्हाताऱ्या भावंडाचा, बुलस पेम्फिगॉइडचा आहे. फ्रान्समध्ये पास्कल जोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४१ रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. एका गटाला तोंडाने प्रेडनिसोन हे स्टेरॉइड, दुसऱ्याला अंगाला चोळायचे क्लोबेटासोल हे स्टेरॉइडचेच मलम. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांचा आजार पसरलेला होता त्यांच्यात वर्षअखेर जिवंत असलेले मलमाच्या गटात ७६ टक्के होते आणि गोळ्यांच्या गटात ५८ टक्के. फोड तर मलमानेही आवरत होते. म्हणजे कितीतरी वर्षे जे आजी-आजोबा फोडांनी गेले असे घरच्यांना वाटत होते, त्यांच्यातले काही गोळ्यांमुळे गेलेले असणार. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पान उलटू शकले नाही.

दुसरा अभ्यास ब्रिटन आणि जर्मनीतला, २०१७ सालचा, त्याच आजारावरचा. २५३ रुग्ण, एका गटाला डॉक्सिसायक्लिन हे साधे, जुने प्रतिजैविक, दुसऱ्याला प्रेडनिसोलोन. सहा आठवड्यांनी अंगावर तीन किंवा त्याहून कमी फोड म्हणजे यश, अशी त्यांनी आधीच व्याख्या केली होती. शून्य नव्हे, तीन. यश डॉक्सिसायक्लिनने ७४ टक्क्यांना मिळाले आणि प्रेडनिसोलोनने ९१ टक्क्यांना. इथेच थांबले असते तर निकाल उघड होता. पण त्यांनी वर्षभर दुसरी मोजणीही चालू ठेवली होती: औषधामुळे झालेले गंभीर, जिवावर बेतणारे किंवा जीव घेणारे त्रास. ते डॉक्सिसायक्लिनच्या गटात १८ टक्के आणि प्रेडनिसोलोनच्या गटात ३६ टक्के होते. ऐंशीच्या घरातल्या माणसाने दोन-चार फोड सोसावेत आणि वर्षअखेर धडधाकट असावे, की कातडी नितळ असावी आणि माणूस नसावा, हा प्रश्न त्या अभ्यासाने घराघरात विचारता येईल इतका सोपा करून ठेवला.

आईच्या आजाराचा असा अभ्यास पुन्हा जोलींच्याच नेतृत्वाखाली फ्रान्समधल्या २५ केंद्रांत झाला आणि २०१७ मध्येच प्रसिद्ध झाला. रुग्ण ९०. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या आधीच्या पिढीला, म्हणजे बी पेशींना, नाहीसे करणारे रिटुक्सिमॅब आणि सोबत थोड्या महिन्यांचे स्टेरॉइड असा एक गट. नुसते दीर्घ मुदतीचे स्टेरॉइड असा दुसरा. दोन वर्षांनी सर्व औषधे बंद असूनही फोडमुक्त असलेले पहिल्या गटात ४६ पैकी ४१, दुसऱ्यात ४४ पैकी १५. आणि गंभीर त्रासांची मोजणी? पहिल्या गटात १६ जणांत २७ प्रसंग, दुसऱ्यात २९ जणांत ५३. त्यांत मधुमेह होता, स्नायूंची दुर्बलता होती, आणि हाडांचे विकारही होते. हाडे त्या कागदावर आली होती. अमेरिकेत २०१८ मध्ये रिटुक्सिमॅबला या आजारासाठी मान्यता मिळाली. भारतात त्याची जैवसदृश, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्येच, मुळात लिम्फोमा या कर्करोगासाठी, आणली होती. तिच्यामुळे इथल्या किती रुग्णांपर्यंत हे औषध पोहोचले, याचे मोल मोठे आहे, जरी शेतमजुराच्या घराला तो खर्च आजही जड जातो.

मग पल्सचे काय? ज्या उपचाराने माझी आई वाचली त्याच्याविषयी लिहिताना माझा हात अडखळतो. पसरिचांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि त्या नोंदी खऱ्या आहेत. पण चिठ्ठ्या टाकून दुसऱ्या उपचाराशी तुलना व्हायला पुष्कळ उशीर झाला. जर्मनीतला २००५ चा असा एक अभ्यास आहे, अवघ्या २२ रुग्णांचा, आणि त्यात पल्स सरस ठरला नाही. २२ रुग्णांवरून निवाडा होत नाही. माझे मत विचाराल तर असे की, ज्या देशात सर्वाधिक पल्स दिले गेले त्याच देशात, ते दिले जात होते तेव्हाच, ती मोठी तुलना व्हायला हवी होती. आम्ही रुग्णांच्या घरचे तिला नाही म्हणालो नसतो. आम्हाला कुणी विचारलेच नाही.

विचारणे सोपे नसते, हे मात्र समितीत बसल्यावर कळले. हा आजार दुर्मिळ, म्हणून एका गावातले रुग्ण पुरत नाहीत. अनेक देशांतल्या डॉक्टरांना एकच भाषा बोलावी लागते. २००८ मध्ये सिडनीच्या डेडी मरेल, फिलाडेल्फियाच्या व्हिक्टोरिया वर्थ आणि अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून या आजारातल्या शब्दांच्या व्याख्या ठरवल्या. किमान दोन आठवडे नवा फोड नाही आणि जुन्यांपैकी सुमारे ८० टक्के भरले, म्हणजे आजार आवरण्याचा एक टप्पा संपला. महिन्याभरात आठवड्याच्या आत आपोआप न भरणारे तीन किंवा अधिक नवे फोड आले, म्हणजे आजार उलटला. सर्व औषधे बंद करून किमान दोन महिने नवा-जुना एकही फोड नाही, म्हणजे औषधांविना पूर्ण शांतता. या व्याख्या वाचल्या त्या रात्री मी आईची कॅलेंडरे काढून बसले आणि पेन्सिलीने त्यांच्यावर हे टप्पे आखत गेले. सगळे आखता आले. तिच्या ठिपक्यांत काहीच कमी पडले नाही.

अशा व्याख्या मराठीत येतात तेव्हा काय होते ते सांगण्यासारखे आहे. एका माहितीपत्रकात वाक्य होते: "आपणांस नवीन व्रण आढळल्यास त्वरित कळवावे." भाषांतरकाराने कोशातला शब्द घेतला होता आणि कोशाच्या दृष्टीने तो बरोबरही आहे. पण आपल्या घरात व्रण म्हणजे जखम भरल्यावर मागे राहतो तो डाग. गुडघ्यावरचा लहानपणचा व्रण, कपाळावरचा व्रण. हे वाक्य वाचून एखादी बाई फोड आल्यावर गप्प राहील आणि तो बरा होऊन डाग पडल्यावर फोन करील. मग कुठला आठवडा आणि कुठले तीन? मी तिथे "फोड, किंवा कातडी सोलली गेलेली ओली जागा, तोंडाच्या आतलीसुद्धा" असे लिहून दिले. दुसरे वाक्य "यादृच्छिकीकरणाद्वारे उपचारगट प्रदान करण्यात येईल" असे होते. त्याचे "तुम्हाला दोनपैकी कोणते औषध मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत आणि तुम्हीही नाही, चिठ्ठी उचलल्यासारखे ते ठरेल" असे झाले. सर्वांत जास्त वाद झाला तो "रोगमुक्ती" या शब्दावर. सदस्यांपैकी काहींना तो आशादायक वाटत होता. मला तो धोक्याचा वाटत होता, कारण रोगमुक्त झालेली माणसे तपासणीला येत नाहीत, आणि हा आजार वर्षांनी परत येऊ शकतो. शेवटी "आजार शांत राहणे" हे शब्द स्वीकारले गेले.

आईचा आजार २००१ पासून शांत आहे. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पाठीतून वाकलेली, आणि दुधाचे खाडे अजून मांडते. रुग्णांनी घरी भरायच्या नोंदवहीचा विषय मध्यंतरी समितीपुढे यायचा होता. समितीचे कागद बाहेर दाखवायचे नसतात, म्हणून मी घरी एका कोऱ्या कागदावर पट्टीने माझ्याच चौकटी आखल्या: सात दिवस, वर नवे फोड, खाली तोंडातले फोड, त्याखाली घेतलेल्या गोळ्या. आईला विचारले की हे भरायला कसे वाटते. तिने चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, तांबडे पेन मागून घेतले आणि रकाने वरपासून खालपर्यंत एकेक करून वाचले.

"तोंडाचं वेगळं केलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. मग कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सरळ केला.

"आणि पाठीचं कुठं मांडायचं?"

तशी जागा मीही ठेवली नव्हती. पट्टी घेऊन मी खाली आणखी एक रकाना आखला, आणि त्याच्या डोक्यावर काय लिहायचे हे तिलाच विचारले. थोडा विचार करून तिने सांगितले ते मी तसेच्या तसे लिहून बैठकीला नेले: "फोडांव्यतिरिक्त अंगात दुसरं काहीही वेगळं वाटलं तर."